नेपथ्य उघडे असताना: लिनक्सवरील दोन भयाचे गेम

प्रस्तावना

भीतीच्या कलाकृतींबद्दल एक समज वर्गात नेहमी ऐकू येतो. ती कशी घडवली हे कळले की भीती संपते, असे म्हटले जाते. पडद्यामागचा माणूस दिसला की भूत उरत नाही. संगणकावरच्या गेमबद्दल हा समज अधिकच घट्ट आहे, कारण गेम म्हणजे शेवटी काही फाइली, काही चित्रे, काही आवाज आणि ते केव्हा दाखवायचे याच्या सूचना. त्यातही गेम लिनक्सवर चालवला जात असेल तर प्रश्न जास्त टोकदार होतो. लिनक्स वापरणाऱ्याला आत डोकावण्याची सवय असते. प्रोग्राम अडला की तो टर्मिनलमधून चालवून पाहायचा, फोल्डर उघडायचा, सेटिंगची फाइल वाचायची, हा त्याचा रोजचा क्रम असतो. आपल्याकडे अनेक विद्यार्थ्यांची लिनक्सशी ओळख कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. केरळच्या सरकारी शाळांमध्ये तर ती शाळेतच होते. अशा यंत्रावर, जिथे नेपथ्य जवळजवळ उघडेच असते, मानसिक भयाचा गेम टिकतो का?

प्रस्तुत टिपणात या प्रश्नाच्या आधारे दोन गेमचे परीक्षण केले आहे. पहिला 'अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट' (२०१०), दुसरा 'डोकी डोकी लिटरेचर क्लब!' (२०१७). दोन्ही लिनक्सवर चालतात. टिपणाचे म्हणणे थोडक्यात असे: आतली रचना कळल्याने भीती सरसकट मरत नाही. भीतीचा एक प्रकार मरतो, दुसरा टिकतो, आणि तिसरा तर रचना कळल्यानंतरच सुरू होतो. कोणता प्रकार कोठे आहे हे ओळखणे हे समीक्षेचे काम आहे.

दोन सूचना आधीच देणे योग्य. दोन्ही गेमच्या कथानकाचा उत्तरार्ध येथे उघड केला आहे. तसेच दुसऱ्या गेममध्ये नैराश्य, स्वतःला इजा करून घेणे आणि आत्महत्या हे विषय येतात. गेमच्या सुरुवातीलाच तो लहान मुलांसाठी नाही, असा इशारा आहे. तो गांभीर्याने घ्यावा.

भयानक रसाची चौकट

भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक रसाचा स्थायीभाव भय आहे. त्याच्या विभावांमध्ये विकृत आवाज, भुताखेतांचे दर्शन, ओसाड घर, अरण्य अशा गोष्टी येतात. अनुभावांमध्ये हातपाय कापणे, अंगावर काटा येणे, चेहऱ्याचा रंग उडणे, आवाज फुटणे यांचा समावेश होतो. भयाचे गेम पाहिलेल्या कोणालाही ही यादी ओळखीची वाटेल. पण आपल्या चर्चेसाठी याहून महत्त्वाचे आहे ते भरताने केलेले त्रिविध वर्गीकरण: व्याजातून म्हणजे बतावणीतून दाखवलेले भय, अपराधातून येणारे भय आणि प्रत्यक्ष घाबरवले गेल्यामुळे वाटणारे भय. भुताचे भय आणि स्वतःच्या कृत्याचे भय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे स्पष्टपणे मान्य केलेले आहे.

दुसरा उपयुक्त विचार अभिनवगुप्ताचा. भयानक रस समजावताना तो शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतो. ते पाहताना 'मी घाबरलो' असे प्रेक्षकाला वाटत नाही, आणि 'तो कोणी दुसरा घाबरला आहे' असेही वाटत नाही. ते भय कोणा एकाचे राहत नाही, म्हणून ते आस्वाद्य होते. ते माझे खाजगी भय झाले तर मी पळून जाईन. पूर्ण परक्याचे झाले तर मला त्याचे काही वाटणार नाही. रसाच्या आड येणाऱ्या अशा गोष्टींना अभिनवगुप्त विघ्ने म्हणतो.

गेममध्ये हा तोल राखणे नाटकापेक्षा अवघड असते. नाटकात हरीण पळते, मी बसून पाहतो. गेममध्ये पळायची कळ माझ्याच बोटाखाली असते. भय स्वतःचे होण्याचा धोका येथे सतत आहे. पुढील दोन्ही गेम हा तोल वेगवेगळ्या रीतीने सांभाळतात.

अ‍ॅम्नेशिया: अंधार, दार आणि अपराध

स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या संस्थेने हा गेम ८ सप्टेंबर २०१० रोजी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींसाठी एकाच वेळी आणला. त्या काळात ही दुर्मीळ गोष्ट होती. बहुतेक गेम लिनक्सवर येतच नसत, किंवा आले तर बऱ्याच काळाने येत.

कथानक १८३९ सालचे आहे. प्रशियातल्या ब्रेननबर्ग नावाच्या किल्ल्यात डॅनियल हा तरुण शुद्धीवर येतो. त्याला फारसे काही आठवत नाही. त्याला स्वतःच्याच हातचे एक पत्र सापडते: मी जाणूनबुजून विसरण्याचे औषध घेतले आहे, किल्ल्याच्या आत जा आणि अलेक्झांडर नावाच्या माणसाला ठार कर. डॅनियलजवळ संपूर्ण गेममध्ये एकही शस्त्र नाही. आहे तो एक कंदील, त्यात घालायचे मोजके तेल, आणि मशाली पेटवायला काड्यांच्या पेट्या. राक्षस समोर आला तर पळायचे किंवा लपायचे.

गेमची मुख्य कल्पना साधी आहे. अंधारात राहिले की डॅनियलचे मन ढळू लागते. उजेडात राहिले की ते सावरते, पण राक्षसाला दिसण्याची शक्यता वाढते. राक्षसाकडे टक लावून पाहिले तरी मन ढळते. म्हणजे जिथे लपायचे तिथेच घाबरायचे, आणि ज्याची भीती आहे त्याच्याकडे पाहायचेही नाही.

येथे एक रचनात्मक अडचण गेमने चांगली सोडवली आहे. नाटकात अनुभाव नटाच्या अंगावर दिसतात. या गेममध्ये आपण डॅनियलच्या डोळ्यांनी पाहतो, म्हणून त्याचा चेहरा कधीच समोर नसतो. मग कंप आणि विवर्ण कोठे दाखवायचे? गेमने ते चित्रावर आणि आवाजावर नेले. दृश्य लोळू लागते, कडा वितळतात, दात करकर वाजतात, श्वास जड होतो. पडदाच नटाचे अंग होतो.

दुसरे वैशिष्ट्य दारांचे. बहुतेक गेममध्ये कळ दाबली की दार उघडते. येथे माउसचे बटण दाबून धरावे लागते आणि हात मागे किंवा पुढे ओढावा लागतो. दार हाताच्या वेगाने उघडते. त्यामुळे खेळाडू दार बोटभर उघडून फटीतून पाहू शकतो, आणि घाबरून पळताना तेच दार ओढायचे की ढकलायचे हे चुकू शकतो. भीती बोटांत उतरते ती येथे.

आवाजाचे उत्तम उदाहरण म्हणजे पाण्याने भरलेला भाग. तेथला राक्षस दिसत नाही. पाण्यावर उमटणारे पावलांचे शिंतोडे तेवढे दिसतात. पाण्यात उतरले की ते शिंतोडे जवळ येऊ लागतात. खोक्यावर चढले की थांबतात. भरताने विकृत आवाज हा विभाव सांगितला. येथे साधाच आवाज, पाण्याचा, भयंकर होतो, कारण त्याचा मालक दिसत नाही.

नेपथ्य उघडल्यावर काय उरते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. फ्रिक्शनलने सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, या गेमचा सोर्स कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली खुला केला. चित्रे आणि आवाज त्यात आले नाहीत, पण गेम कसा विचार करतो ते सर्वांना वाचता येऊ लागले. संस्थेचे हे पहिलेच पाऊल नव्हते. त्यांच्या 'पेनम्ब्रा: ओव्हर्चर'चा कोड २०१० च्या पहिल्या हम्बल इंडी बंडलच्या यशानंतर खुला झाला होता.

खरे तर 'अ‍ॅम्नेशिया'चे नेपथ्य पहिल्या दिवसापासून अर्धे उघडे होते. किल्ल्याच्या प्रत्येक भागासाठी एक स्क्रिप्टची फाइल असते आणि ती साध्या मजकुराच्या रूपात फोल्डरमध्ये पडलेली असते. कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये ती वाचता येते. तिच्यात लिहिलेले असते ते साधारण असे: खेळाडू या अदृश्य चौकटीत शिरला की अमुक कृती कर, त्या कृतीत त्याच्या मागून आवाज वाजव, दार आपट, मन इतके ढळव, कोपऱ्यातला राक्षस जागा कर. चाहत्यांनी याच फाइली वाचून आपापल्या भयकथा रचल्या.

अशी फाइल वाचल्यावर पुन्हा खेळले तर तीन गोष्टी दिसतात.

पहिली: दचकणे संपते. कोणत्या पावलाला दार आपटणार हे माहीत असेल तर अंग दचकत नाही. भरताच्या वर्गीकरणात हे प्रत्यक्ष घाबरवले गेल्याचे भय. ते अज्ञानावर उभे असते आणि ज्ञानाने विरते.

दुसरी: धास्ती टिकते. दचकणे आणि धास्ती हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत फरक आहे. दचकणे क्षणाचे असते, धास्ती वाटेची. पाण्यातला राक्षस म्हणजे शिंतोड्यांचा परिणाम आणि अंतराचे गणित आहे हे कळले, तरी खोक्यावरून पाण्यात पाय टाकायचा असतोच. दार ओढायचे असतेच. ही भीती माहितीवर नसून कृतीवर उभी आहे. पोहता येत असले तरी खोल विहिरीत उडी मारताना पोटात खड्डा पडतो, तसे हे आहे.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची: अपराधाचे भय वाढते. पुढे कळते की डॅनियल हा निरपराध बळी नाही. अल्जीरियात सापडलेल्या एका गोलामुळे त्याच्या मागे एक अनाम सावली लागली. तिला दूर ठेवण्यासाठी त्याने अलेक्झांडरच्या साथीने किल्ल्यातल्या कैद्यांचा छळ केला. विसरण्याचे औषध त्याने घेतले ते हे सहन न झाल्यामुळे. पहिल्यांदा खेळताना छळाची अवजारे असलेली खोली ही भयपटातली नेहमीची सजावट वाटते. दुसऱ्यांदा तीच खोली 'हे मी केले' असे सांगते. येथे ज्ञान भीतीचा शत्रू न राहता तिचे इंधन होते. पहिल्या खेळात डॅनियलबरोबर आपणही विसरलेले असतो. दुसऱ्या खेळात तो विसरलेला असतो आणि आपल्याला आठवत असते.

गेमची कच्ची बाजूही याच कसोटीवर दिसते. मन ढळण्याची यंत्रणा म्हणजे आत एक आकडा आहे. तो शून्यावर आला तर डॅनियल कोसळतो, काही वेळ सरपटतो आणि पुन्हा सावरतो. फक्त त्यामुळे तो मरत नाही. हा नियम कळला की तेल जपून ठेवण्याची घालमेल बरीच कमी होते. २०१८ मध्ये निर्मात्यांनी एक कठीण पद्धत जोडली. तिच्यात मन पूर्ण ढळले की मरण येते. या भराईवरून मूळ उणीव कोठे होती ते दिसते. सुरुवातीलाच गेम खेळाडूला सांगतो की जिंकण्यासाठी खेळू नका, वातावरणात शिरा. ही विनंती योग्य आहे. पण जो भाग अशा विनंतीवाचून उभा राहू शकत नाही, तो कलाकृतीतला दुबळा भाग समजावा.

डोकी डोकी: फोल्डर हाच रंगमंच

दुसरा गेम वरवर पाहता अगदी वेगळा आहे. डॅन साल्वाटो आणि त्याच्या छोट्या चमूने २२ सप्टेंबर २०१७ रोजी तो मोफत उपलब्ध केला. तो रेनपाय या मुक्त साधनावर बांधला आहे. चित्रकथा-गेम बनवण्यासाठी रेनपाय जगभर वापरले जाते. रेनपायच्या रीतीप्रमाणे विंडोज आणि लिनक्ससाठी एकच संच बनवता येतो, आणि लिनक्सवर तो एका शेल स्क्रिप्टने सुरू होतो.

कथा एका जपानी शाळेतल्या वाचन-लेखन मंडळाची. सायोरी, युरी, नात्सुकी आणि मंडळाची अध्यक्ष मोनिका अशा चार मुली. खेळाडू शब्द निवडून कविता तयार करतो आणि ज्या मुलीच्या आवडीचे शब्द जास्त, ती जवळ येते. गोड रंग, गोड संगीत. मग सायोरी आपल्या नैराश्याबद्दल बोलते आणि पहिल्या भागाच्या शेवटी आत्महत्या करते. गेम पुन्हा सुरू होतो. आधी साठवलेले खेळ नाहीसे झालेले असतात. सायोरी कधी नव्हतीच, अशा थाटात तीच कथा तिच्याविना चालू होते. ती चालताना जागोजागी फाटते: अक्षरे बिघडतात, चेहरे सरकतात, वाक्ये अर्धी राहतात. अखेर कळते की मोनिकाला आपण गेममधले पात्र आहोत हे ठाऊक आहे आणि ती इतरांच्या फाइलींत ढवळाढवळ करत आहे.

गेमच्या फोल्डरमध्ये पात्रांच्या नावाचा एक उपफोल्डर आहे. त्यात सुरुवातीला चार फाइली असतात, प्रत्येक मुलीच्या नावाची एक. सायोरी गेल्यावर तिची फाइल खरोखर नाहीशी होते. शेवटी मोनिका एकटी उरते आणि रिकाम्या वर्गात समोर बसून बोलत राहते. तेथून पुढे जाण्याचा मार्ग गेमच्या आत नाही. खेळाडूने गेमबाहेर येऊन, तो फोल्डर उघडून, मोनिकाची फाइल स्वतःच्या हाताने पुसावी लागते.

येथे नेपथ्य आणि रंगमंच यांची अदलाबदल झाली आहे. 'अ‍ॅम्नेशिया'च्या फाइली वाचणे ही प्रेक्षकाची आगाऊ चौकशी होती. येथे फाइलींकडे जाणे हा नाटकाचाच अंक आहे.

लिनक्सवर काय बदलते

लिनक्सवर या गेमच्या काही युक्त्या बोथट होतात. खेळाडू आपला खेळ रेकॉर्ड करत आहे का, हे गेम तपासतो आणि मोनिका त्यावर बोलते. पण ही तपासणी विंडोजच्या एका आज्ञेने होते. लिनक्सवर ती आज्ञा नाही, म्हणून हा प्रसंगच घडत नाही.

काही युक्त्या मात्र धारदार होतात. सायोरीच्या मृत्यूच्या वेळी पडद्यावर प्रोग्राममध्ये दोष आल्याचा मजकूर उमटतो आणि तपशिलासाठी 'ट्रेसबॅक' नावाची फाइल पाहा असे सांगितले जाते. रेनपायमध्ये खरा दोष आला तरी याच नावाची फाइल तयार होते. म्हणजे बतावणी खऱ्या रीतीच्या वेषात आली आहे. ज्याला अशा फाइली उघडून वाचण्याची सवय आहे, तो लिनक्सचा वापरकर्ता तिच्याकडे सरळ चालत जातो. भरताच्या भाषेतला 'व्याज' हा शब्द येथे थोडा ताणून वापरता येईल: यंत्रच घाबरल्याचे सोंग करते.

पण या सोंगाला लिनक्सवर एक प्रतिस्पर्धी आहे, आणि तो म्हणजे खरा दोष. आवाज तुटणे, चित्र अडखळणे, पूर्ण पडदा नीट न भरणे, हे प्रकार तेथे अपरिचित नाहीत. चित्र सरकले की पहिला विचार भुताचा न येता ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा येतो. 'अ‍ॅम्नेशिया'त असा दोष हे शुद्ध विघ्न ठरते. शिंतोड्यांच्या आवाजात खरखर मिसळली की तो प्रसंग गेलाच. 'डोकी डोकी'त मात्र 'हे गेमचे आहे की माझ्या यंत्राचे' हा संभ्रमच गेमला हवा असतो. एकाचे विघ्न ते दुसऱ्याचा विभाव होतो.

आणखी एक गंमत फाइलींची. या चारही फाइलींना एकच परका शेपटा आहे, पण आत त्या वेगवेगळ्या आहेत. लिनक्समध्ये 'फाइल' नावाचीच एक आज्ञा आहे. ती नावाच्या शेपट्यावर न विसंबता आतला मजकूर पाहून प्रकार सांगते. ती चालवली की कळते: मोनिका हे एक चित्र आहे, नात्सुकी वेगळ्या स्वरूपातले चित्र, सायोरी हा ध्वनी आहे, आणि युरी हा निव्वळ मजकूर, तोही सांकेतिक रूपात. यांतील प्रत्येकात काही ना काही दडवलेले आहे. म्हणजे लेखकाने आत डोकावणारा प्रेक्षक गृहीत धरला आणि त्याच्यासाठी नेपथ्यातही काही मांडून ठेवले.

आता या टिपणातला तिसरा भयप्रकार, जो रचना कळल्यावरच सुरू होतो. लिनक्सवर एखादा प्रोग्राम मी चालवला तर त्याला साधारणपणे माझे सर्व अधिकार मिळतात. माझ्या होम फोल्डरमधल्या ज्या फाइली मी वाचू, बदलू, पुसू शकतो, त्या तोही वाचू, बदलू, पुसू शकतो. 'मी रूट म्हणून काम करत नाही, म्हणून सुरक्षित आहे' असे अनेकांना वाटते. पण त्या व्यवस्थेने मुख्यतः कार्यप्रणाली सुरक्षित राहते. माझा प्रबंध, घरच्यांचे फोटो, पत्रव्यवहार या गोष्टी होम फोल्डरमध्येच असतात, म्हणजे त्या प्रोग्रामच्या हाताशीच. कार्यप्रणाली पुन्हा बसवता येते. त्या फाइली पुन्हा येत नाहीत.

'डोकी डोकी' आपल्या फोल्डरमधली फाइल पुसतो तेव्हा तो हेच सत्य दाखवत असतो. राक्षस खोटा आहे, पण पुसणे खरे आहे आणि ते करण्याचा अधिकारही खरा आहे. अभिनवगुप्ताच्या कसोटीने पाहिले तर येथे भय खाजगी होण्याच्या उंबरठ्यावर येते: 'डॅनियलचे काय होईल' याऐवजी 'माझ्या फाइलींचे काय होईल'. गेमने हा उंबरठा ओलांडला असता तर तो कलाकृती न राहता उपद्रव झाला असता. तो ओलांडत नाही. पुसापुशी आपल्या फोल्डरपुरती ठेवतो. अधिकार असूनही न वापरणे हा या गेमचा खरा संयम आहे, आणि त्या संयमामुळेच भय आस्वाद्य राहते. गंमत अशी की हा संयम ज्याला अधिकारांची व्यवस्था ठाऊक आहे त्यालाच दिसतो. इतरांना फक्त युक्ती दिसते.

मोनिकाची फाइल पुसण्याच्या क्रियेतही एक निवड दडलेली आहे. फाइल मॅनेजरमधून पुसली तर ती सहसा कचरापेटीत जाते आणि परत काढता येते. टर्मिनलमध्ये आरएम ही आज्ञा दिली तर कचरापेटीचा प्रश्नच येत नाही. कथेच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. पण स्वतः नाव टाइप करून एंटर दाबणाऱ्याचा हात क्षणभर अडखळतो, आणि तो अडखळणे अपराधाच्या भयाच्या जवळचे आहे. डॅनियलला त्याचे कृत्य नंतर आठवते. येथे ते कृत्य आपल्याकडून समोरासमोर करवून घेतले जाते.

एक आक्षेप

'डोकी डोकी'चे एवढे गुण मान्य केल्यावर त्याच्यावरचा गंभीर आक्षेपही मांडला पाहिजे. मोनिका इतर मुलींचे स्वभाव बिघडवते. सायोरीचे नैराश्य, युरीचे स्वतःला इजा करून घेणे ती वाढवत नेते. कथेच्या युक्तीसाठी हे सोयीचे आहे, पण त्यामुळे मानसिक आजार हा कोणीतरी बाहेरून फिरवायचा आकडा होतो. 'अ‍ॅम्नेशिया'तही मन म्हणजे आकडाच होता. पण तेथे अंधार सोसणारा माणूस आपण होतो. येथे आकडा दुसऱ्याचा आहे आणि आपण त्याची पडझड पाहतो. सायोरी स्वतःच्या अवस्थेबद्दल बोलते तो प्रसंग सच्चा आहे. नंतर तोच प्रसंग यंत्रातल्या छेडछाडीचा परिणाम ठरतो आणि त्याची किंमत कमी होते. दुसऱ्या भागात युरीचा मृत्यू तर जवळजवळ निव्वळ धक्क्यासाठी वापरला आहे. जिथे गेम फोल्डरशी खेळतो तिथे तो संयमी आहे; जिथे आजाराशी खेळतो तिथे तितका नाही.

समारोप

दोन्ही गेम एकत्र ठेवून पाहिले की 'कळले की भीती संपते' हा समज फार मोघम ठरतो. केवळ न कळण्यावर उभी असलेली भीती, म्हणजे दचकणे, कळल्यावर संपते, आणि ती संपली तर फारसे बिघडत नाही. कृतीवर उभी असलेली धास्ती टिकते. अपराधाचे भय कळण्यानेच वाढते. आणि आपल्या यंत्रात कोणाला कोणता अधिकार आहे याचे भय तर कळल्याशिवाय सुरूच होत नाही.

कलाकृती म्हणून 'अ‍ॅम्नेशिया' अधिक परिपूर्ण आहे. त्याचा अंधार, दार आणि पाणी कोड वाचून झाल्यावरही तसेच राहतात. 'डोकी डोकी' अधिक असमान आहे, पण लिनक्सच्या वापरकर्त्याला तो जी गोष्ट सांगतो ती पहिल्याजवळ नाही. मोफत मिळालेला कोणताही प्रोग्राम चालवताना आपण त्याला घराची किल्ली देतो. हा गेम ती किल्ली घेतो, दाखवतो आणि परत ठेवतो. तशी ती सगळेच ठेवतील असे नाही. अपरिचित गेम चालवण्यासाठी वेगळे यूजर खाते ठेवणे किंवा फ्लॅटपॅकसारख्या पद्धतीने त्याला मोजकेच अधिकार देणे, ही सवय भयाच्या गेमने लावली तर वावगे नाही.

लिनक्सवर 'अ‍ॅम्नेशिया'सारखे थेट बनवलेले गेम नंतर कमी झाले. त्याच मालिकेतला 'रिबर्थ' ऑक्टोबर २०२० मध्ये विंडोज आणि प्लेस्टेशन ४ साठी आला. २०१८ पासून प्रोटॉनसारख्या साधनाने विंडोजचे अनेक गेम लिनक्सवर चालू लागले आहेत. खेळता येणाऱ्या गेमची संख्या वाढली. वाचता येणाऱ्या गेमच्या बाबतीत मात्र 'अ‍ॅम्नेशिया' आजही अभ्यासाला सर्वांत सोयीचा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. दचकणे आणि धास्ती यांतला फरक तुम्ही पाहिलेल्या एखाद्या मराठी भयनाटकाच्या किंवा चित्रपटाच्या आधारे स्पष्ट करा.

२. 'अ‍ॅम्नेशिया'मध्ये अनुभाव नटाच्या अंगावरून पडद्यावर कसे नेले आहेत? असे करताना काय साधते आणि काय हरवते?

३. गेमने खेळाडूच्या इतर फोल्डरमधल्या फाइलींची फक्त नावे वाचून दाखवली असती, तर भय आस्वाद्य राहिले असते का? अभिनवगुप्ताच्या हरणाच्या उदाहरणाच्या आधारे उत्तर लिहा.

४. मानसिक आजार हा भयाच्या गेमचा विषय असावा का? 'डोकी डोकी'तील सायोरी आणि युरी यांच्या चित्रणातील फरक लक्षात घेऊन मत मांडा.